बिअरमध्ये रमचा शॉट सोडला की फेस उतू जातो, ग्लासही तडकला. घरी नीट कसं करायचं?

मनीषनगरकर

नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी माझ्या घरी आम्ही कॉलेजचे सात जण जमून राहिलो, सहा वर्षांनी. त्यातला एक कोरियात दोन वर्षं काढून परत आलाय. तिकडं बिअरच्या ग्लासात दारूचा छोटा ग्लास सोडतात, त्याला पोकतानजू म्हणतात, आणि सगळे मिळून पितात, असं त्यानं व्हिडिओ कॉलवर दाखवलं. आपण हेच आपल्या ओल्ड मंक रमचं करू, असं सगळ्यांनी ठरवलं. घर माझं, म्हणून तयारीही माझ्याकडं.

मागच्या रविवारी मी आणि भावानं करून पाहिलं. स्ट्राँग बिअरची साडेसहाशेची बाटली आणली. शरबताचा उंच ग्लास होता, तो काठोकाठ भरला. साठ मिलीचा शॉट ग्लास रमनं भरून वीतभर उंचीवरून सोडला. निम्मी बिअर फेस होऊन टेबलावर. आम्ही पुसत होतो तरी टेबल ओलंच होत राहिलं, तेव्हा ग्लास उचलून पाहिला तर बुडाला केसाएवढी तडा गेलेली, तिथून थेंब-थेंब येत होता. जे उरलं ते दुसऱ्या ग्लासात गाळून मी प्यायलो, उरलेल्या बाटलीसकट. पहिला घोट निव्वळ रम, घसा जळला. शेवटचे घोट साधी बिअर. मधे काहीच नाही. आणि तासाभरात इतकी चढली की जेवण न करता झोपलो. सोमवारी ऑफिसला अर्धा दिवस गेलो नाही.

कडक पाहिजे, पण चवीलाही पाहिजे. फेस का येतो? ग्लास कोणता घ्यायचा? एक मित्र म्हणतो रमला आधी काडी लावायची आणि जळता शॉट बिअरमध्ये सोडायचा, परदेशात तसंच करतात. ते घरी जमते का? माणशी किती ठेवायचे?

बर्डीवाला

आम्ही हॉस्टेलला करायचो. बिअर एकदम चिल्ड ठेव आणि ग्लास अर्धाच भर, फेसाचं काम तिथंच होते. साठच्या जागी तीस घे. ग्लास चहाच्या टपरीवरचा जाड घेतला तरी चालते. आगीचं मला माहीत नाही, आम्ही कधी केलं नाही.

काउंटरमागचा

मनीषनगरकर भाऊ, मी नागपुरात सदर आणि धरमपेठेत मिळून चौदा वर्षं बारच्या काउंटरमागे उभा राहिलो. आता लग्नकार्यात, घरगुती कार्यक्रमात बारची व्यवस्था लावून देतो. तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो, कारण ही गोष्ट चुकीची करताना मी खूप लोक पाहिले आणि बरोबर करणारे फार कमी.

आधी हिशेब करा. साडेसहाशेची आठ टक्क्यांची बिअर म्हणजे ५२ मिली निव्वळ अल्कोहोल. साठ रम ४२.८ टक्क्यांची, म्हणजे जवळपास २६ मिली. बेरीज ७८. तीसचा एक पेग म्हणजे १३ मिली. थोडी टेबलावर सांडली ती सोडून द्या, तरी तुम्ही पाच-सहा पेग तासाभरात घेतले, तेही रिकाम्या पोटी. शरीर साधारण तासाला एका तीसच्या पेगाचा निकाल लावते, बहुतेकांचं त्याहून थोडं कमीच. शिवाय बिअरमधल्या गॅसमुळं बऱ्याच जणांना दारू लवकर लागते. सोमवारचा अर्धा दिवस गेला तो याच्यात. रमचा किंवा बिअरचा काही दोष नव्हता.

म्हणून माझं पहिलं सांगणं, स्ट्राँग बिअर घेऊ नका. माइल्ड घ्या, पाच टक्क्यांच्या आतली, तीनशेतीसचा पाइंट. एका पाइंटमध्ये बिअरचे दोन मग होतात. रम तीस नाही, वीस मिली. दोन्ही मिळून १७ मिली अल्कोहोल होते, म्हणजे सव्वा पेगाच्या आसपास. कडक चव यातूनच येते, कशी ते पुढं सांगतो. चव आणि चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काउंटरवर चौदा वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा हेच समजावून सांगावं लागलं.

आता तुमचा पहिला घोट निव्वळ रम का लागला ते. रम बिअरपेक्षा हलकी असते. छोटा ग्लास तळाशी गेला की रम त्यात थांबत नाही, वर चढते. एकदा पारदर्शक मगात, खिडकीच्या उजेडासमोर धरून करून पहा. ग्लासाच्या तोंडातून तपकिरी रंगाची दोरी सुटते, उदबत्तीचा धूर चढतो तशी, आणि वर जाऊन फेसाखाली पसरते. म्हणजे कडक भाग सगळा वर आणि खाली साधी बिअर. तुम्ही जे प्यायले ते हेच.

अमेरिकेत एक प्रकार आहे, त्यात तळाला आमारेत्तो नावाची बदामी चवीची गोड दारू असते आणि वर थोडी जहाल रम. गोड दारू साखरेमुळं बिअरपेक्षा जड असते. ती छोट्या ग्लासात बसून राहते आणि बिअर संपत आली की हळूहळू येते. ती मिळाली तरी इथं महाग पडते. पण तिचं तत्त्व आपल्याला गुळानं साधते.

शंभर ग्रॅम गूळ, शंभर मिली पाणी, अंगठ्याएवढं आलं ठेचून. गूळ विरघळून एक उकळी आली की बंद करा, झाकून गार होऊ द्या, फडक्यातून गाळा. दोन भाग रम, एक भाग हा पाक. वीस मिली रमला दहा मिली पाक घातला की मिश्रण बिअरपेक्षा जड होते. गूळ आणि रम दोन्ही उसाच्या घरचे, रम मळीपासूनच बनते, म्हणून एकमेकांत बसतातही छान. आल्याचा झणका घशाला लागतो, तो लोकांना दारूचा कडकपणा वाटतो. हीच ती कडक चव. मी हे पाच-सात वर्षांपासून देऊन राहिलो, आणि ज्यांना फक्त जास्त दारू पाहिजे असते ते सोडले तर कोणी परत साधी रम सोडून मागितली नाही. संत्र्याचे दिवस असते तर वरून सालीचा एक तुकडा पिळायला सांगितलं असतं. आता मे महिना आहे, कागदी लिंबाची साल घ्या. रस नको, साल.

फेसाचं कारण सांगतो. बिअरमध्ये गॅस दाबून भरलेला असतो, आणि बिअर जितकी गरम तितका तो तिच्यात कमी मावतो. पाच अंशाला जेवढा मावतो त्याच्या निम्म्यावर तो पंचवीस अंशाला येते. तुमच्या हॉलमध्ये कूलर चालू असला तरी तीस-बत्तीस अंश असणार. बाटली फ्रिजमधून काढून दहा मिनिटं टेबलावर ठेवली की वरून काहीही टाका, उसळणारच. बादलीत बर्फ, त्यात पाणी आणि दोन मुठी मीठ घाला, बाटल्या मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटं. नुसत्या बर्फापेक्षा बर्फाचं पाणी लवकर गार करते, कारण ते बाटलीला सगळीकडून चिकटते. फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका, बाटली फुटते.

दुसरं कारण ग्लासाचं. कोरड्या ग्लासाला फडक्याचे तंतू, धूळ, बारीक ओरखडे असतात, तिथून बुडबुडे सुटतात. मग आणि छोटा ग्लास दोन्ही गार पाण्यातून काढून ओलेच वापरा, फडक्यानं पुसू नका. मग तिरपा धरून बिअर कडेनं ओता, फक्त अर्धा मग. एक मिनिट थांबा. त्यानंतर छोटा ग्लास कडेला दोन बोटांत धरून त्याचं बूड बिअरला टेकवा आणि तिथूनच सोडा. वीतभर उंचीवरून सोडला की तो सोबत हवा घेऊन जातो, बिअर ढवळतो आणि तळावर आपटतो. तुमचा ग्लास तिथंच गेला.

मग जाड बुडाचाच पाहिजे, कानवाला, चारशे मिलीच्या आसपास. तोंडाशी आणि तळाशी सारखाच रुंद. खाली निमुळता असला की छोटा ग्लास अडकतो आणि काढता काढता फुटतो. टपरीवरचा चहाचा ग्लास यासाठी नको. तो जाड दिसतो, पण रोज गरम-गार होऊन आतून कमजोर झालेला असतो.

आता पिण्याची पद्धत. एका दमात पिऊ नका. मी एका बारमध्ये होतो तेव्हाची गोष्ट, एक पंचविशीतला मुलगा, वाढदिवस त्याचाच. मग डोक्याच्या वर नेला आणि उलटा केला. आतला छोटा ग्लास घसरून समोरच्या दातावर आदळला. आवाज मला काउंटरच्या पलीकडून ऐकू आला. त्यानं तोंडावर रुमाल धरला आणि काढला तेव्हा रुमालात तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा होता. तो रात्रभर जिभेनं तो दात चाचपत बसला होता. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला सांगतो, मग तिरपा हळू करा, तीन-चार घोटांत प्या, आणि तळाचा ग्लास सरकायला लागला की थांबा. आधी तो ग्लास बाहेर काढा, राहिलेलं नंतर घ्या.

आग. हे मोठ्यानं सांगतो, लावू नका. परदेशात जी रम पेटवतात ती ७५.५ टक्क्यांची असायची. बकार्डीची १५१ नावाची होती, तिच्या बाटलीच्या तोंडाला आग आत जाऊ नये म्हणून धातूची जाळी बसवलेली असे. कंपनीनं ती २०१६ मध्ये बंद केली. आपली रम ४२.८ टक्क्यांची, ती पेटत नाही असं लोकांना वाटते. थंड देशात खरंच नीट पेटत नाही. पण ४० टक्क्यांच्या दारूची वाफ साधारण २६ अंशाला पेट घेण्याजोगी होते. नागपूरचा मे महिना आहे भाऊ. तुमच्या घरातली रम त्या तापमानाच्या वरच आहे, दिवसभर. त्यात अल्कोहोलची ज्योत निळसर, दिव्याच्या उजेडात दिसतही नाही. विझली समजून माणूस ग्लास तोंडाला लावतो. वरून कूलरचा वारा आणि पडदे. नका करू.

माणशी किती? संध्याकाळी एक. फार तर दोन, मधे तासाभराचं अंतर आणि जेवण. त्यानंतर ज्याला पाहिजे त्यानं साधी बिअर घ्यावी.

कामठीकर

काउंटरमागच्यांनी सगळं नीट सांगितलं. मी फौजेतून निवृत्त, आता कामठीला स्थायिक. रमबद्दल दोन गोष्टी माझ्याकडून.

ते ४२.८ काय आहे हे मला जवान विचारायचे. इंग्रजांच्या काळचं माप आहे. बंदुकीची दारू दारूत भिजवायची आणि पेटवायची. पेटली तर ती प्रूफ, म्हणजे खरी. त्या मापात शंभर डिग्री प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के. आपल्याकडं पंचवीस डिग्री खाली ठेवायची पद्धत पडली, म्हणून जुन्या बाटल्यांवर ७५ डिग्री प्रूफ किंवा २५ अंडर प्रूफ लिहिलेलं असे. ५७.१ च्या पाऊण पट करा, ४२.८ येतात. म्हणून रम घ्या, व्हिस्की घ्या, लेबलवर बहुतेक तोच आकडा.

दुसरं, एका दमात पिण्याबद्दल. रम म्हणजे फौजी पेय, फौजी गटागटा पितात, असा लोकांचा समज आहे. उलट आहे. ब्रिटिश आरमारात खलाशांना निव्वळ रम मिळायची आणि जहाजावर माणसं पडायची, भांडायची. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन यानं हुकूम काढला की रमच्या चौपट पाणी घालूनच द्यायची. तेच ते ग्रॉग. आरमारातली रमची रोजची वाटणी पुढं १९७० च्या ३१ जुलैपर्यंत चालली. आमच्याकडंही रम मिळायची ती मोजून, आणि गरम पाण्यात घेणारेच जास्त. बर्फातल्या चौकीवर एक गोष्ट आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवली होती. रमनं ऊब आल्यासारखं वाटते ते कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगल्यामुळं, आतली उष्णता उलट बाहेर जाते. मी माझ्या तुकडीतल्या एका पोराला पहाऱ्यावर जाण्याआधी रम घेतली म्हणून परत बराकीत पाठवलं होतं. तो रागावला होता. त्या रात्री बाहेर उणे अठरा होतं.

नागपूरच्या उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा आहे. दिवसभर घाम गेलेला असतो, त्यात दारू लघवी वाढवते. सात जण आहात तर माठ भरून ठेवा आणि प्रत्येक मगामागं एक तांब्या पाणी. आणि कुणी कँटीनची स्वस्त रम आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. ती फौजींसाठी असते, बाहेर विकणं गुन्हा आहे. दुकानातून पावतीनं घ्या.

मनीषनगरकर

काउंटरमागचा भाऊ, कामठीकर काका, मनापासून आभार. रविवारी मी सहा पेग रिचवले हे वाचून खरंच धक्का बसला. मला वाटत होतं एक बिअर आणि एक रम.

दोन गोष्टी राहिल्या. माझा लहान भाऊ तेवीसचा आहे, तोही बसणार. आणि एक मित्र वर्ध्याहून बाइकवर येतो, रात्रीच परत जाईन म्हणतो, उरलेली रमची बाटली मला दे म्हणतो.

काउंटरमागचा

भावाला रम देऊ नका. महाराष्ट्रात बिअरला वय २१ आणि रमसारख्या कडक दारूला २५. माझ्या काउंटरवर मी वय विचारून परत पाठवलेल्यांत डॉक्टर होते, इंजिनीअर होते, रागावूनही गेले. त्याच्यासाठी गूळ-आल्याचा पाक एकटाच छोट्या ग्लासात भरा आणि गार सोड्यात सोडा, लिंबाची साल पिळा. पाक जड असल्यामुळं तो तळाशी बसतो आणि तसाच सुंदर दिसतो. आणि बाकीच्यांपैकी ज्यांच्याकडं पिण्याचा परवाना नसेल त्यांनी दुकानातच एक दिवसाचा काढून घ्यावा, पाच मिनिटांचं काम आहे.

वर्ध्याच्या मित्राचं तर दोन्ही चुकते. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, बाटली घेऊन हद्द ओलांडली की तो आरोपी. आणि पिऊन बाइक चालवणं तर कोणत्याच जिल्ह्यात चालत नाही. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाचं सोडा, वर्धा रोडवर रात्री ट्रक किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. त्याची झोपायची सोय करा. आत आल्या आल्या चावी घ्या, पहिला मग हातात देण्याआधी. नंतर मागितली तर कोणी देत नाही.

महालची सून

मी पिते, कधीतरी, आणि आमच्याकडं पाहुण्यांचं जेवण माझ्याकडं असते म्हणून लिहिते. शनिवारी सावजीचं मटण आणायचा विचार असेल तर ते या पेयाबरोबर ठेवू नका. सावजीची तर्री आणि वरून बिअरचा गॅस, रात्री दोन वाजता छातीत अशी जळजळ होते की माणूस घाबरतो. मागच्या वर्षी माझ्या दिरांना हार्टचं आहे समजून आम्ही दवाखान्यात नेलं होतं. ॲसिडिटी निघाली, पण ते दोन तास मी विसरले नाही.

पहिल्या मगाआधीच पोटात काहीतरी जड जाऊ द्या. गोळाभात करा. चणाडाळ रात्री भिजत घालून भरड वाटायची, तिखट-मीठ-हिंग घालून गोळे मोकळ्या भातात वाफवायचे, वाढताना वरून फोडणीचं तेल भरपूर. सात जणांना अर्धा किलो डाळ पुरते. डाळ आणि तेल पोटात असलं की दारू हळू लागते. मधे खायला उकडलेल्या शेंगा, काकडी. खारे दाणे नको, त्यानं तहान लागून लोक आणखी पितात.

आणि एक सांगते, सात जणांत एकानं त्या रात्री काहीच न घेता राहावं. यजमान म्हणून तुम्हीच राहा. कुणी झोपला आणि हाक मारून, चिमटा काढूनही उठत नसेल, श्वास थांबून-थांबून येत असेल तर उतरेल म्हणून वाट पाहायची नाही. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि १०८ ला फोन करायचा.

बर्डीवाला

ताई, बरोबर. आमच्या हॉस्टेलला असं कोणी सांगणारं नव्हतं. टपरीच्या ग्लासाचा माझा सल्ला मागं घेतो.

मनीषनगरकर

रविवार दुपार. झालं सगळं, म्हणून सांगायला आलो.

मी काही घेतलं नाही, महालच्या ताईंनी सांगितलं तसं. वर्ध्याच्या मित्राची चावी दारातच घेतली, ती आईच्या देवघराच्या डब्यात ठेवली. तो म्हणाला अरे पाणी तर पिऊ दे. रात्री इथंच झोपला, आत्ता चहा पिऊन निघाला.

कानवाले मग इतवारी बाजारात मिळाले, सहा. बुडाला बोट लावलं तर काच अर्ध्या इंचाची. बादलीत मीठ घातलं तेव्हा सगळे पाहत होते. वीस मिनिटांनी बाटली काढली तर हात बधिर. पहिला मग मी कोरियावाल्याला केला. बिअर कडेनं ओतली, थांबलो, छोटा ग्लास टेकवला आणि सोडला. टक् असा बारीक आवाज, बोटभर फेस आला आणि मगाच्या काठाच्या आतच थांबला. मग आम्ही तो मग ट्यूबलाइटखाली धरला. पाक आणि रम खरंच छोट्या ग्लासात बसून होती, मधाच्या रंगाची, आणि तिच्यातून बुडबुड्यांबरोबर एकेक बारीक तार वर येत होती. आम्ही सातही जण वाकून ते पाहत बसलो, कोणी प्यायलाच तयार नव्हतं. शेजारी ठेवून पाहायला एक मुद्दाम साध्या रमचा केला. त्यात ती धुराची दोरी दिसली, दहा सेकंदांत सगळं वर.

चव सांगायची तर मला त्यांच्या बोलण्यावरूनच सांगता येईल. कोरियावाला म्हणाला तिकडच्यात नुसता झटका असतो, याला शेवट आहे. शेवटच्या घोटात गूळ आणि आलं येतं. भावाचा सोड्यातला मी चाखला, तो मी स्वतः रोज पिऊ शकतो. तिघांनी दुसरा घेतला, चौथा मित्रही मागायला लागला तेव्हा मी गोळाभाताचं पातेलं पुढं केलं. रमच्या बाटलीत निम्म्याहून जास्त उरली आहे. आगीचं म्हणणाऱ्या मित्राला मी २६ अंशाचं सांगितलं, भिंतीवरच्या घड्याळात तापमान दिसते, ३३ होतं. तो गप्प बसला.

एक अडचण मात्र राहिली. संपता संपता छोटा ग्लास काढताना बोटं बिअरमध्ये बुडवावी लागतात, आणि ओल्या बोटांतून एकदा तो परत निसटून आत पडला. मग वाचला. यासाठी तुम्ही काय वापरता?

काउंटरमागचा

छान केलं भाऊ, विशेषतः चावीचं. बर्फाचा दातेरी चिमटा काच ओरखाडतो, तो नको. मी लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा लाकडी चमचा ठेवतो. दांडा छोट्या ग्लासाच्या आत घालायचा, बिअरचा मग जरा तिरपा करायचा आणि ग्लास दांड्यावर ओढत कडेपर्यंत आणायचा. तिथं आला की अंगठ्यानं धरायचा. दोनदा पाण्यात करून पहा, हात बसेल.